विमानाने अमेरिका: एक महिना, ११ शहरं. जमेल का?

कोथरूडचा_पेन्शनर

नमस्कार मंडळी,

इथले प्रवासाचे धागे बरेच दिवस नुसते वाचतोय, आता स्वतःच विचारायची वेळ आलीय. मी ६१, सौ. ५८, दोघांकडेही दहा वर्षांचा व्हिसा आहे. गणपती उठले की निघायचं आणि दिवाळीच्या आत घरी, असा साधारण महिन्याभराचा बेत आहे. मुलगी सिअ‍ॅटलला असते, तिच्याकडे मागे जाऊन आलो पण तेव्हा तिचं बाळंतपण होतं, त्यामुळे आम्ही बघितलेली अमेरिका म्हणजे डायपर, कॉस्टको आणि पाऊस. या वेळी फिरायचंच असं ठरवलंय.

अडचण अशी की मला तिकडे उजव्या बाजूने गाडी चालवायची नाहीये आणि सौ.ला मी कुठल्याच बाजूने चालवलेली नकोय, त्यामुळे सगळं विमानानेच करायचं डोक्यात आहे. यादी अशी: न्यूयॉर्क (भाचा एडिसनला आहे, मुक्काम तिथे), बॉस्टन, वॉशिंग्टन, ऑरलँडो, ह्यूस्टन, शिकागो (सौ.ची कॉलेजची मैत्रीण), डेन्व्हर, लास व्हेगास, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि शेवटी सिअ‍ॅटल. मुलीला पाठवली तर म्हणाली बाबा हे काय टूर कंपनीचं ब्रोशर आहे का.

विचारायचंय ते असं, की एक पास काढून महिनाभर कुठेही उडता येतं असं बँकेतला एक मित्र म्हणत होता, ते खरं आहे का? नसेल तर सगळी तिकिटं आत्ताच काढून ठेवायची की तिथे गेल्यावर? आणि बॅगांचं काय, कारण मुंबईहून येताना २३ किलोच्या दोन-दोन मिळतात त्या तिकडे आत फिरताना पण चालतात ना? स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

डॅलसची_माई

काका, ११ शहरं म्हणजे दर पावणेतीन दिवसांनी बॅग भरायची. विमान दोन तासांचं दिसतं पण दिवस सगळा त्यात जातो हो. एडिसनहून नेवार्क विमानतळावर पोचा, दोन तास आधी, मग सिक्युरिटी, मग गेट शोधा, मग उडा, मग उतरून पट्ट्यावर बॅगेची वाट बघा, मग मैत्रिणीचं घर विमानतळापासून तासभर लांब, कारण इथे आपली बहुतेक माणसं शहरात राहतच नाहीत, उपनगरात राहतात. सकाळी नऊला निघालात तर संध्याकाळच्या चहाला टेकाल. असे दहा दिवस म्हणजे महिन्यातला एक तृतीयांश गेला.

माझे सासू-सासरे आले होते तेव्हा दिरांनी अशीच दमवणारी ट्रिप आखली होती. परत आल्यावर सासऱ्यांना विचारलं काय आवडलं, तर म्हणाले अटलांटा विमानतळाची ती जमिनीखालची ट्रेन!

माझं ऐकाल तर ऑरलँडो आणि ह्यूस्टन आधी काढा. ऑरलँडो म्हणजे डिस्ने, नातवंडं बरोबर असती तर वेगळं, आणि फ्लोरिडाकडे वादळांचा सीझन ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, त्यातही सप्टेंबर जास्त बेकार. ह्यूस्टनला तुमचं कोणी नाहीये आणि मी डॅलसची असल्यामुळे ह्यूस्टनबद्दल आणखी काही बोलत नाही 😄

आणि वॉशिंग्टनला विमानाने अजिबात जाऊ नका. एडिसनच्या शेजारी मेट्रोपार्क स्टेशन आहे, तिथे अ‍ॅमट्रॅकची लांब पल्ल्याची ट्रेन थांबते, तीन तासांच्या आसपास वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवर उतरता आणि समोर कॅपिटॉलचा घुमट दिसतो. बॅग तपासणी नाही, बेल्ट काढणं नाही, आपला डबा मांडीवर घेऊन बसायचं.

ओहेअरचा_वारकरी

माईंना +१, विशेषतः ट्रेनसाठी.

मी कन्सल्टिंगमध्ये आहे त्यामुळे सोमवारी उड आणि गुरुवारी परत ये हेच आयुष्य. काका, तुमची यादी वाईट नाहीये, नुसती लांब आहे. मधली चार नावं बघा, नेवार्क, शिकागो, डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को. ही चारही युनायटेड या विमान कंपनीची हब आहेत. हब म्हणजे आपलं दादर समजा, सगळ्या गाड्या तिथून जातात. त्यामुळे या चारांमध्ये दिवसाला भरपूर थेट विमानं असतात, आणि याचा खरा उपयोग स्वस्ताईपेक्षा असा की तुमचं विमान रद्द झालं तर दोन-तीन तासांनी दुसरं असतं. छोट्या गावाला जाणारं दिवसातलं एकुलतं एक विमान रद्द झालं की माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत लटकला. शिकागोत अमेरिकन एअरलाइन्सचं पण हब आहे आणि डेन्व्हरला साउथवेस्ट, फ्रंटियर दोघंही जोरात आहेत, म्हणजे तिथे एकमेकांच्या चढाओढीत भाडं आटोक्यात राहतं. १९७८ पर्यंत मार्ग आणि भाडी दोन्ही सरकार ठरवायचं, त्या वर्षी कायदा करून मोकळं सोडलं, तेव्हापासून ही हबची पद्धत फोफावली आणि त्याच सीटला शेजारच्यापेक्षा दुप्पट पैसे मोजायची पण.

थेट विमानच घ्या. ६०-७० डॉलर वाचतात म्हणून मध्ये एक स्टॉप घेतला की दोन विमानं वेळेवर यायला पाहिजेत. आणि सकाळचं पहिलं घ्या, सहा ते आठच्या मधलं. ते विमान बहुतेक वेळा रात्रीच येऊन उभं असतं, नंतरची विमानं कुठूनतरी यायची असतात आणि प्रत्येक ठिकाणचा उशीर पुढे सरकत जातो, संध्याकाळपर्यंत बोर्डावर सगळं लाल. मंगळवार, बुधवार, शनिवार बरे. शुक्रवार-रविवार नको, आणि ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा असतो, तो वीकेंड टाळा.

तिकिटं: आधी काढा, पण कंपनीच्याच वेबसाइटवरून. उड्डाणाला सात दिवस किंवा जास्त असतील तर काढल्यापासून २४ तासांत रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतात, हा सरकारी नियम आहे. एजंटच्या साइटवरून काढलं तर ते त्यांच्या मर्जीवर. विमान कंपनीनेच रद्द केलं किंवा तीन तासांहून जास्त पुढे ढकललं आणि तुम्हाला जायचं नसेल तर पैसे परत द्यावेच लागतात, व्हाउचर घ्या म्हणून गळ्यात मारायला बघतात, घेऊ नका. मात्र युरोपसारखी उशिराची रोख भरपाई इथे मिळत नाही.

"बेसिक इकॉनॉमी" (सगळ्यात स्वस्त तिकीट) असं दिसलं की दोनदा वाचा. युनायटेडच्या बेसिकमध्ये देशांतर्गत विमानात वरच्या कप्प्यातली बॅग पण चालत नाही, फक्त सीटखाली मावेल ती. आणि तुमच्या त्या दोन-दोन २३ किलोच्या: नाही. ते तुमच्या मुंबईच्या तिकिटापुरतं. इथलं तिकीट वेगळं काढलं की पहिल्या बॅगेलाच वेगळे पैसे, दुसरीला त्याहून जास्त, आणि हे दर माणशी, दर उड्डाणाला.

अजून एक, जे सहसा कोणी सांगत नाही. इथलं सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि काँग्रेसमध्ये (म्हणजे इथल्या संसदेत) बजेटवरून अडलं की सरकार बंद. २०२५ साली १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर बंद होतं, वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची म्युझियमं १२ ऑक्टोबरपासून बंद झाली, आणि नोव्हेंबरमध्ये ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं सक्तीने कमी केली होती कारण विमान वाहतुकीचे कंट्रोलर लोक बिनपगारी काम करत होते. दर वर्षी होईलच असं नाही, पण तुम्ही गणपतीनंतर लगेच येताय तर वॉशिंग्टन सप्टेंबरातच उरकून टाका ना.

खाकरा_एक्सप्रेस

एवढं कशाला, साउथवेस्टने फिरा. दोन बॅगा फुकट असतात. माझे आईबाबा दर वेळी त्यानेच जातात.

ओहेअरचा_वारकरी

@खाकरा, ते दिवस गेले. २८ मे २०२५ पासून साउथवेस्टने पण बॅगेचे पैसे लावलेत. आणि पळत जाऊन हवी ती सीट पकडायची मजा पण २७ जानेवारी २०२६ पासून बंद, आता तिथेही सीट नंबर मिळतो. आईबाबांना पुढच्या तिकिटाआधी सांगून ठेवा.

खाकरा_एक्सप्रेस

च्यायला. त्यांनी लोणच्याच्या बरण्यांसकट चार बॅगांचं प्लॅनिंग केलंय.

जुना_बॉस्टनकर

तुमच्या मित्राची पासची गोष्ट अगदीच हवेतली नाहीये. २००९ साली जेटब्लू या विमान कंपनीने खरंच काढला होता असा पास. ५९९ डॉलर, ८ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर, ते जिथे जातात तिथे कितीही वेळा जा, फक्त तीन दिवस आधी बुक करा. मंदीचं वर्ष, त्यात सप्टेंबर, शाळा सुरू झालेल्या, विमानं रिकामी. ठरलेल्या तारखेच्या आधीच सगळे पास विकले गेले. मी तेव्हा बॉस्टनला एमएस करत होतो आणि आमच्या घरातल्या एकाने घेतला, नुकतीच नोकरी गेली होती, म्हणाला ५९९ मध्ये महिनाभर घरभाडं तरी येतं का.

तो महिना मी जवळून बघितलाय. आता नकाशा बघा, त्यांचं सगळं जाळं न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाभोवती, थोडं बॉस्टन, फ्लोरिडा, आणि पश्चिमेला लॉस एंजेलिसजवळचं लाँग बीच. म्हणजे ऑस्टिनहून सॉल्ट लेकला जायचं तर बऱ्याचदा उलटं जेएफकेला येऊन जायला लागायचं. हॉटेलचे पैसे नाहीत म्हणून हा पठ्ठ्या मुद्दाम रात्रीची विमानं घ्यायचा, लाँग बीचहून रात्री निघून पहाटे जेएफके, की झोप विमानात. टर्मिनल ५ तेव्हा नवीन होतं, तिथल्या खुर्च्या त्याला पाठ होत्या. जेवण म्हणजे विमानात फुकट मिळणारे ते निळ्या बटाट्याचे वेफर्स, मागाल तितके देतात, घरी पिशव्या भरून आणायचा, आम्हीपण खाल्ले. मध्येच कपडे धुवायला यायचा. सॉल्ट लेक कसं आहे विचारलं तर म्हणे डोंगर दिसतात.

२०१० ला परत काढला, ६९९ ला, आणि शुक्रवार आणि रविवार सोडून उडणार असाल तर ४९९ ला. नंतर बंदच. आता फ्रंटियरचा गोवाइल्ड पास आहे पण त्यात मूळ पासवर देशातल्या देशात जायचं तर आदल्या दिवशीच बुकिंग मिळतं आणि सीट उरली तर. विशी-पंचविशीत ठीक आहे. काकूंना आदल्या संध्याकाळी सांगणार का की उद्या डेन्व्हरला चाललोय, परत कधी येऊ ते माहीत नाही?

मुळात पास असला की पैसे वसूल करायची खाज सुटते आणि माणूस शहरं सोडून विमानं मोजायला लागतो. सुटी तिकिटं बरी. फार तकलादू कंपनीवर महिने महिने आधी पैसे अडकवू नका एवढंच, स्पिरिटने नोव्हेंबर २०२४ आणि परत ऑगस्ट २०२५ असा दोनदा दिवाळखोरीचा अर्ज केलाय.

खिडकीपाशी

सगळे विमान म्हणजे शिक्षा असल्यासारखं का बोलताय? मला तर अमेरिका वरूनच जास्त समजली.

काका, शिकागो ते डेन्व्हर दिवसाउजेडी जा आणि खिडकी घ्या, पंखाच्या पुढची, उजवीकडची. उजवी म्हणजे उत्तर बाजू, ऊन येत नाही. आधी आयोवाची शेतं दिसतात, एकदम चौकोन, पट्टीने आखल्यासारखी, रस्ते पण सरळ पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर. ती खरंच आखलेली आहेत. १७८५ च्या कायद्याने पश्चिमेकडची जमीन मैल बाय मैलाच्या चौकोनांत मोजून विकायचं ठरलं, तिथे नदी आहे का टेकडी आहे काही बघितलं नाही. पुढे नेब्रास्काचा पश्चिम भाग आला की चौकोनांच्या आत हिरवे गोल दिसायला लागतात, शेकड्याने. तिथे पाऊस कमी, मधोमध बोअर आणि त्याभोवती चाकांवर फिरणारा पाव मैल लांबीचा पाण्याचा पाइप, म्हणून शेत गोल. कोपरे कोरडेच राहतात. हे यंत्र फ्रँक झायबाक नावाच्या शेतकऱ्याने बनवलं, पेटंट १९५२ चं, आणि तो राहायचा कोलोरॅडोतल्या स्ट्रासबर्गला, म्हणजे डेन्व्हरला उतरताना तुम्ही त्याच भागावरून खाली येता. चौकोन संपून गोल कुठे सुरू होतात ते बघत राहा, पाऊस कुठे संपतो ते कळतं. हे गाडीतून नाही दिसत, गाडीतून नुसता मका दिसतो.

डेन्व्हर ते व्हेगास तर काही विचारूच नका. सुरुवातीला रॉकीज, मग युटाची लाल फुटलेली जमीन, शेवटी लेक मीड, ज्याच्या काठावर पांढरा पट्टा दिसतो, पाणी पूर्वी किती वर होतं त्याची खूण.

आणि सॅन फ्रान्सिस्कोहून सिअ‍ॅटलला जाताना उजवीच खिडकी. ओळीने ज्वालामुखी डोंगर दिसतात, शास्ता, मग हूड, मग सेंट हेलेन्स, ज्याचं डोकं १८ मे १९८० ला उडालं आणि ते आता वरून खरंच उघडं दिसतं, आणि मग रेनियर, १४,४१० फूट. आकाश स्वच्छ असेल तर चारही एका बैठकीत. सकाळी ऊन डोळ्यावर येईल, गॉगल ठेवा. शेजारचा पडदा ओढ म्हणाला तर ओढू नका.

डॅलसची_माई

@खिडकीपाशी, तुमच्या शेजारी कोण बसतं बिचारं 😂 पण छान लिहिलंय.

कोथरूडचा_पेन्शनर

मंडळी, काय बोलू. घरात दोन दिवस हाच विषय चालू आहे, प्रिंट काढून सौ.ला वाचायला दिलं. तिने पेन्सिलने खुणा केल्यात.

नवीन बेत: मुंबईहून न्यूयॉर्क, भाच्याकडे आठवडाभर, त्यातच ट्रेनने वॉशिंग्टन (सप्टेंबरमध्येच!). मग शिकागो, डेन्व्हर, व्हेगास, सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलला मुलीकडे शेवटचे आठ-दहा दिवस. परत मुंबईला सिअ‍ॅटलहूनच. बॉस्टन, ऑरलँडो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस बाद. लॉस एंजेलिसला हॉलिवूड सोडून बघण्यासारखं भरपूर आहे असं मुलगी म्हणते, पण गाडीशिवाय तिथे काही खरं नाही असंही तीच म्हणते.

फक्त एक घोळ. सौ. म्हणते नायगारा नाही तर अमेरिका कसली, शेजारच्या जोश्यांना काय सांगणार. ते कसं बसवू? आणि ग्रँड कॅनियन व्हेगासहून होतं ना? तिच्या गुडघ्याचा त्रास आहे, व्हीलचेअर मागावी का, की उगाच लोक हसतील? शेवटचं, खायचं काय काय नेता येईल, कारण मी कुठेही राहीन पण रात्री मेतकूट-भात लागतो.

ओहेअरचा_वारकरी

नायगारा बसतो. न्यूयॉर्क-शिकागो असं एक उड्डाण आहे त्याचे दोन करा, न्यूयॉर्क ते बफेलो, एक रात्र किंवा दोन, मग बफेलो ते शिकागो. वाटेवरच आहे, उलटं फिरणं नाही. बफेलोचं विमान तासा-सव्वातासाचं आणि विमानतळाहून धबधबा २५-३० मैल. धबधब्याजवळ नेणारी बोट ऑक्टोबरभर चालू असते. समोरून दिसणारं फोटोतलं दृश्य कॅनडाच्या बाजूचं आहे, त्याला वेगळा व्हिसा लागतो. अमेरिकेच्या बाजूला तुम्ही अगदी काठाशी उभे राहता, कानठळ्या बसतात, जोश्यांना पुरेल.

न्यूयॉर्कला उतरून सिअ‍ॅटलहून परत, हे एकाच तिकिटावर काढा, साइटवर "मल्टी-सिटी" असा पर्याय असतो. दोन एकेरी तिकिटं काढलीत तर बरीच महाग पडतील. एमिरेट्स दोन्हीकडे जाते. अबुधाबीहून एतिहादने न्यूयॉर्कला आलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच होतं आणि इथे सरळ बाहेर, पण मग सिअ‍ॅटलहून परतीचं काय जमतं ते बघावं लागेल. सिअ‍ॅटलपर्यंत पुढे पुढे जाताना घड्याळ तुमच्या बाजूने आहे, पश्चिमेला जाल तसे एकूण तीन तास मिळत जातात, सकाळी आठला निघून सकाळीच पोचल्यासारखं वाटतं.

मोठी बॅग एकच ठेवा दोघांत. दुसरी भाच्याला सांगून कुरिअरने मुलीकडे पाठवा, किंवा मुलीसाठीचं सामान आणूच नका (हे होणार नाही, माहितीये).

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानाची वेळ निवडताना धुक्याचा विचार करा. तिथल्या जोड-धावपट्ट्यांमध्ये फक्त ७५० फूट अंतर आहे. पूर्वी हवा स्वच्छ असली की दोन विमानं जवळजवळ शेजारी शेजारी उतरायची, बघायला धमाल, पण ढग खाली आले की एकामागून एक उतरवतात आणि उशीर होतो. सगळ्यात त्रास उन्हाळ्यातल्या सकाळी. ऑक्टोबरला बरंच मोकळं असतं, तरी तिकडे जाताना पहिल्या विमानाऐवजी दुपारी पोचणारं घेतलंत तरी चालेल. बाकी सगळीकडे माझा सकाळचा नियम लागू.

जुना_बॉस्टनकर

ग्रँड कॅनियनच्या नावाखाली व्हेगासमध्ये दोन वेगळ्या गोष्टी विकतात, ते आधी समजून घ्या. वेस्ट रिम (दरीचा पश्चिमेकडचा काठ), जिथे तो काचेचा पूल आहे, ती हुआलापाय या मूळ रहिवासी लोकांची जमीन, राष्ट्रीय उद्यान नाहीच ते, तिकीट वेगळं, व्हेगासहून बसने दोन-अडीच तास. साउथ रिम (दक्षिण काठ) हे खरं राष्ट्रीय उद्यान, फोटोत बघतो ते, पण बसने एका बाजूला साडेचार-पाच तास. काकूंच्या गुडघ्याला सकाळी पाचला निघून रात्री दहाला परत हे झेपणार नाही. व्हेगासजवळच्या बोल्डर सिटीहून लहान विमानं साउथ रिमजवळच्या विमानतळावर नेतात, महाग आहे, पण डेन्व्हरला दोन रात्री कमी केल्यात तर पैसे तिथे लावा असं मी म्हणेन. तसंही गाडी नसताना डेन्व्हरला फार दिवस काय करणार, विमानतळावरून ट्रेन ३७ मिनिटांत शहरात सोडते, शहर एक दिवसाचं आहे. सप्टेंबर संपताना डोंगरात अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी होतात ती सापडली तर एक दिवसाची बस टूर घ्या.

१ जानेवारी २०२६ पासून परदेशी पर्यटकांना ११ मोठ्या उद्यानांत नेहमीच्या प्रवेश फीशिवाय माणशी १०० डॉलर जादा लागतात. ग्रँड कॅनियन त्यात आहे आणि डेन्व्हरजवळचं रॉकी माउंटन पण. टूरच्या किमतीत ते धरलेत का, बुक करताना स्पष्ट विचारा.

खिडकीपाशी

लहान विमानात वजन बघून बसवतात, सगळ्यांसमोर काट्यावर उभं करतात. काकूंना आधी सांगून ठेवा.

डॅलसची_माई

काका, व्हीलचेअर मागाच. बुकिंग करतानाच टाका, फुकट असते, कायद्याने द्यावी लागते. हसतंय कोण, इथल्या मोठ्या विमानतळांवर गेट बदललं तर अर्धा मैल चालायला लागतं. ढकलणाऱ्याला पाच-दहा डॉलर टिप द्या, सुट्टे जवळ ठेवा. सिक्युरिटीत काकूंचा नंबर लवकर लागतो आणि त्यांच्याबरोबर तुमचाही.

खाण्याचं: चिवडा, खाकरे, दशम्या, लाडू, सगळं केबिन बॅगेत चालतं. लोणचं, चटणी, तूप हे त्यांच्या लेखी पातळ पदार्थ, १०० मिलीच्या वर असेल तर बाहेर काढून टाकतील, ते मोठ्या बॅगेत घाला. मेतकूट न्या हो, पण ३५० मिलीच्या वर पावडर हातातल्या बॅगेत असेल तर वेगळं तपासतात, आणि मेतकुटाच्या वासाने तो ऑफिसर काय विचारेल सांगता येत नाही, म्हणून ते पण मोठ्या बॅगेतच. मुंबईहून येताना कढीपत्ता, फळं, बियाणं आणू नका, कढीपत्त्यावर बंदी आहे, आणि जे आणलंय ते फॉर्मवर किंवा ऑफिसरने विचारलं की सांगून टाका. मूग-तांदूळ इकडे एडिसनच्या ओक ट्री रोडवर, शिकागोच्या डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर सगळं मिळतं, ते वाहून आणायची गरज नाही.

व्हेगासला मात्र हॉटेलच्या खोलीत स्वयंपाकाची सोय नसते बहुतेक. छोटा इलेक्ट्रिक कुकर मुंबईहून आणू नका, इथलं व्होल्टेज १२० आहे, भात शिजेपर्यंत विमान सुटेल. भाच्याकडून घ्या एखादा.

कोथरूडचा_पेन्शनर

सौ.ने वजनाचं वाचलं. साउथ रिम बसने करायचं म्हणते आहे.